‘नाटक’ : एका शब्दाचा व्यवहार आणि झाडीपट्टीची रंगभूमी

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी किंवा गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, कुरखेडा या तालुक्यांत दिवाळीनंतरच्या दिवसांत एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘आमच्या गावी नाटक आहे.’ या वाक्याची घडण ‘आमच्या घरी लग्न आहे’ या वाक्यासारखी आहे. कोणते नाटक, कोणाचे नाटक, त्यात कामे कोणाची, हे प्रश्न ऐकणारा नंतर विचारतो. पुष्कळदा विचारतही नाही. वाक्य उच्चारले गेले की निमंत्रण पोहोचलेले असते. त्याच गावात, त्याच दिवसांत एखादी आई जेवणासाठी हटून बसलेल्या मुलाला ‘नाटकं करू नको’ असे बजावते, आणि पारावरच्या वर्तमानपत्रात जिल्हा परिषदेच्या सभेचे वृत्त ‘हायव्होल्टेज ड्रामा’ या मथळ्याखाली छापून येते. पहिल्या वाक्यात नाटक म्हणजे माणसांचे एकत्र येणे आहे. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तो खोटेपणाचा आरोप आहे. मराठी नाट्यसमीक्षेने झाडीपट्टीच्या रंगभूमीविषयी जे लिहिले, आणि जे लिहिण्याचे टाळले, त्यामागे या दोन अर्थांची सरमिसळ आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम दैनंदिन भाषेकडे पाहणे आवश्यक ठरते. ‘नाटक’ हा शब्द संस्कृत परंपरेत दृश्यकाव्याच्या, म्हणजे रूपकाच्या, दहा प्रकारांपैकी एकाचा वाचक होता. ‘नाट्य’ ही व्यापक संज्ञा, ‘रूपक’ ही वर्गाची संज्ञा आणि ‘नाटक’ हा त्या वर्गातील प्रमुख प्रकार, अशी ती व्यवस्था होती. आधुनिक मराठीने ही उतरंड मोडून ‘नाटक’ या शब्दाला सर्व प्रकारांचे प्रतिनिधित्व दिले. मात्र बोलीव्यवहारात त्याच्या अर्थाची दुसरी फांदी फुटली आणि आज ती मूळ फांदीहून अधिक पसरली आहे. येथे वचनाचा भेद लक्षणीय आहे. ‘नाटक पाहिले’ यातील एकवचन कलाकृतीचे आहे. ‘नाटकं चालली आहेत’ यातील अनेकवचन जवळजवळ नेहमी ढोंगाचे असते. चार प्रयोग पाहून आलेला मनुष्यदेखील ‘चार नाटकं पाहिली’ असे संख्या सांगून म्हणतो; संख्या काढून टाकली आणि ‘नाटकं’ एवढेच उरले की शब्दाचा रंग बदलतो. एकवचनी ‘तो नाटक करतो’ हे वाक्य दुहेरी आहे. तो नट आहे किंवा तो खोटारडा आहे, यांपैकी काय ते प्रसंगावरून ठरवावे लागते.

प्रत्ययांनीही या शब्दांची प्रतवारी लावली आहे. ‘नाट्य’ या तत्सम रूपाला प्रतिष्ठा आहे : नाट्यपूर्ण, नाट्यमय, नाट्यानुभव. ‘नाटकी’ या विशेषणाला ती नाही. एखाद्या कादंबरीतील प्रसंग नाट्यपूर्ण आहे असे म्हणणे ही प्रशंसा, तोच नाटकी आहे असे म्हणणे हा दोष. इंग्रजीतून आलेला ‘ड्रामा’ हा शब्द या उतरंडीत सर्वांत खाली बसला असून ‘ड्रामेबाज’, ‘फुल ड्रामा’ अशा रूपांत तो केवळ आरोप म्हणून वावरतो. रंगभूमीच्या इतर परिभाषेचीही गत फारशी वेगळी नाही. ज्या सूत्रधाराने नांदीनंतर रंगमंचावर येऊन प्रेक्षकांशी बोलावयाचे, तो आज प्रामुख्याने पोलीस वार्तापत्रात भेटतो. ‘मुख्य सूत्रधारास अटक’ या मथळ्यात सूत्रधार म्हणजे गुन्ह्याचा कर्ता. ‘पडद्यामागील हालचाली’, ‘सोंग आणणे’, ‘तमाशा मांडणे’, ‘चौकशीचा फार्स’ या सर्व प्रयोगांत रंगकला म्हणजे काहीतरी लपविण्याची कला होय, असे गृहीत धरलेले आहे. ज्या समाजाला आपल्या नाट्यवेडाचा एवढा अभिमान आहे, त्याच्या भाषेने नाटकाविषयी बाळगलेला हा संशय विचार करण्याजोगा आहे.

सत्ताधाऱ्यांना मात्र नाटक खोटे वाटत नव्हते. तसे असते तर १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा इंग्रज सरकारला करावा लागला नसता, आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या १९०७ सालच्या नाटकावर पुढे बंदी घालण्याची पाळीही आली नसती. तो १८७६ चा कायदा स्वतंत्र भारतात २०१८ साली रद्द झाला.

या पार्श्वभूमीवर झाडीपट्टीतील शब्दव्यवहार पाहावा लागतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांचा धान पिकविणारा, जंगलाने वेढलेला प्रदेश म्हणजे झाडीपट्टी. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. तत्पूर्वी तो चंद्रपूरचाच भाग होता, त्यामुळे नाट्यव्यवहाराच्या दृष्टीने ही सीमा अलीकडची आणि फारशी न जाणवणारी आहे. धानाची कापणी आटोपत आली की येथे मंडईचे आणि शंकरपटाचे दिवस सुरू होतात. दिवसा शंकरपटात बैलजोड्या धावतात, रात्री नाटक होते. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेला प्रयोग उजाडेपर्यंत चालतो. सासरी गेलेल्या लेकी या निमित्ताने माहेरी येतात, पाहुण्यांची पंगत उठते, सोयरिकीची बोलणी होतात. नाटकाच्या रात्रीपूर्वी घराला सारवण घातले जाते. अशा गावात ‘नाटक आहे’ या विधानाचा अर्थ ‘एक कलाकृती सादर होणार आहे’ एवढा मर्यादित असूच शकत नाही.

क्रियापदांचा विचार केला तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. पुण्यामुंबईकडे नाटक ‘लागते’. म्हणजे वर्तमानपत्रात त्याची जाहिरात लागते आणि प्रेक्षक त्याकडे ‘जातो’. झाडीपट्टीत नाटक ‘आणले’ जाते किंवा ‘ठेवले’ जाते. पूजा ठेवावी, कीर्तन ठेवावे तसे. त्याआधीच्या पिढीत नाटक ‘बसवले’ जात असे. गावातील होतकरू तरुण, एखादा हौशी शिक्षक, पेटी वाजविणारा आणि स्त्रीभूमिका करण्यास तयार असलेला कोवळ्या चेहऱ्याचा मुलगा, एवढ्या सामग्रीवर महिना-दोन महिने तालमी होत. ‘बसवणे’ या क्रियापदाचा कर्ता गाव होते. ‘आणणे’ आणि ‘ठेवणे’ यांचाही कर्ता गावच आहे, परंतु मधल्या काळात गावाची भूमिका नटाकडून यजमानाकडे सरकली आहे. तरीही ‘यंदा आम्ही नाटक केलं’ हे वाक्य ज्या मंडळाने केवळ तारीख ठरविली, वर्गणी गोळा केली, मंडप उभारला आणि तिकिटे विकली, त्याचा कार्यकर्ताही निःसंकोचपणे उच्चारतो. ‘करणे’ या क्रियापदाची ही तिसरी अर्थच्छटा (नट म्हणून करणे नव्हे, ढोंग म्हणून करणे नव्हे, तर गावाने पार पाडणे) मराठीच्या कोशकारांनी नोंदविण्यासारखी आहे.

गावाकडून कंपनीकडे झालेल्या या स्थित्यंतराचे केंद्र म्हणजे वैनगंगेकाठचे वडसा, अर्थात देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्यातील हे रेल्वेमार्गावरचे गाव. चार जिल्ह्यांतील मंडळांना तेथे पोहोचणे सोयीचे. हंगामाच्या आधी गावोगावचे आयोजक तेथे जाऊन नाटकांच्या तारखा ठरवितात. तेथील पाट्या वाचणाऱ्याला एक शब्द थांबवून धरतो. इतरत्र ‘रंगभूमी’ ही समूहवाचक आणि काहीशी अमूर्त संज्ञा आहे; मराठी रंगभूमी, प्रायोगिक रंगभूमी, बालरंगभूमी असे आपण म्हणतो. वडशात ‘रंगभूमी’ म्हणजे एक कंपनी. ‘अमुक नाट्य रंगभूमी, वडसा’ अशी तिची पाटी असते, तिचा मालक असतो, तिच्या तारखा भरलेल्या किंवा रिकाम्या असतात. ‘तुम्ही कोणती रंगभूमी ठरवली?’ हा प्रश्न तेथे व्यवहारातला आहे. शास्त्रीय परिभाषेला हे धेडगुजरी वाटेल. परंतु ज्या गावात रंगभूमीला भाडे, बसगाडी, पेटी-तबलेवाले आणि उद्याच्या गावचा रस्ता आहे, तेथे त्या शब्दाने अमूर्त राहणे नाकारले तर त्यात नवल नाही.

येथे एका जुन्या आणि दूरच्या वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘ड्रामा’ हा शब्द ज्या ग्रीक धातूवरून आला त्याचा अर्थ ‘करणे’ असा आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘काव्यशास्त्रा’च्या तिसऱ्या प्रकरणात नोंदविले आहे की, डोरियन लोक नाटकाच्या जनकत्वावर हक्क सांगताना शब्दांचाच पुरावा पुढे करीत. ‘करणे’ यासाठी आम्ही वापरतो तो शब्द ‘द्रान’, अथेन्सवाले वेगळाच शब्द वापरतात. सबब ड्रामा आमचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सुखात्मिकेच्या ‘कॉमेडी’ या नावाविषयीही त्यांचे म्हणणे होते की, शहराने हिणवल्यामुळे जे नट खेड्याखेड्यांतून हिंडले, त्या खेड्यांच्या डोरियन नावावरून हा शब्द बनला. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत, आणि ॲरिस्टॉटलनेही ती केवळ डोरियनांचा दावा म्हणून दिली आहे. परंतु दाव्यामागची भावना ओळखीची आहे. नाटक कोणाचे, हा प्रश्न तेव्हाही नगर आणि खेडी यांच्यामधला होता, आणि तो शब्दाच्या मालकीवरून लढविला जात होता.

मराठीत या लढतीचा निकाल नगराच्या बाजूने फार पूर्वी लागला. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हापासून मराठी रंगभूमीचा प्रारंभ मोजण्याचा प्रघात आहे. भाव्यांच्या प्रयोगांना लोक ‘खेळ’ म्हणत. झाडीबोलीत ळकाराचा रकार होतो म्हणून तेथे तो ‘खेर’ होईल. पुढे लिखित संहितेवर आधारलेली ‘बुकिश’ नाटके आली. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, आणि ‘खेळ’ मागे पडून ‘नाटक’ हा शब्द संहितेच्या बाजूला झुकला. ज्याला पुस्तक आहे ते नाटक. ज्याला नाही ती लोककला. या न्यायाने झाडीपट्टीतील दंडार, खडी गंमत हे प्रकार लोककलेच्या प्रकरणात गेले, ते समजण्यासारखे आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकाने झाडीबोलीच्या आणि दंडारीच्या अभ्यासासाठी परिश्रम घेतले म्हणून त्या प्रकारांना किमान नोंद तरी मिळाली. परंतु झाडीपट्टीचे आजचे नाटक दंडार नाही. त्याला लेखक आहे, अंक आहेत, नेपथ्य आहे, तिकीट आहे. तरीसुद्धा मराठी नाटकाच्या इतिहासांत ते एक तर गाळले जाते किंवा लोकरंगभूमी या सदरात कोंबले जाते. हे वर्गीकरण निर्दोष आहे असे म्हणता येत नाही.

या रंगभूमीविषयी जे थोडे लिहिले गेले, त्यात तीन विशेषणे पुन्हा पुन्हा आढळतात : भडक, नाटकी आणि मेलोड्रामाटिक. यांतील तिसरे विशेषण मूळ अर्थाने घेतले तर ते निंदाव्यंजक राहत नाही. ग्रीक ‘मेलोस’ म्हणजे गीत. गीतासह नाटक तो मेलोड्रामा. झाडीपट्टीचे नाटक जिवंत गायनवादनावर उभे आहे आणि नट स्वतः गातात. तेच किर्लोस्कर, देवल, गडकरी यांच्या संगीत नाटकांविषयी म्हणता येईल, पण त्यांना कोणी या शब्दाने झोडपत नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत नागपूरजवळच्या सावनेर येथे गडकरी निवर्तले होते. या नाटकातील भाषेची उंच पट्टी, तळीरामाची अतिशयोक्ती, सिंधूचे सोसणे यांना समीक्षेने प्रतिभेचा आविष्कार म्हटले. हेच ‘एकच प्याला’ झाडीपट्टीच्या मंचावरही झाले आहे. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील प्रेक्षक सुधाकराच्या पतनाकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर समीक्षकाच्या हिशेबात नाही. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाबद्दलही असेच. बालगंधर्वांच्या प्रयोगांना पहाट होत असे, ही आठवण मराठी माणूस अभिमानाने सांगतो; कुरखेड्याकडे पहाट होते तेव्हा मात्र त्याला शिस्तीचा अभाव म्हटले जाते.

‘नाटकी’ या आक्षेपाचे उत्तर प्रयोगाच्या परिस्थितीतच सापडते. डिसेंबर-जानेवारीची थंडी, उघड्या रानात उभारलेला मंडप, जमिनीवर घोंगड्या पांघरून बसलेला हजारोंचा जमाव, त्यात निजलेली मुले, आणि रात्रीचे दोन-तीन वाजलेले. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला नटाच्या भुवईची हालचाल दिसत नाही. तिला हाताची फेक दिसते आणि आवाजाचा कंप ऐकू येतो. दररोज नवे गाव आणि पुष्कळदा वेगळे नाटक, त्यामुळे प्रॉम्प्टरच्या आवाजावर कान ठेवून संवाद उचलायचा असतो. वाक्य सावकाश आणि ठाशीव म्हटले नाही तर पुढचे वाक्य पोहोचण्यापूर्वीच पोकळी पडते. वास्तववादी अभिनयाची मोजपट्टी येथे लावणे म्हणजे भारुडाला कुजबुजण्याचा आग्रह धरण्यासारखे आहे. नावांचेही तसेच. नवरगावच्या सदानंद बोरकर यांच्या ‘माझं कुंकू मीच पुसलं’ या गाजलेल्या नाटकाचे नाव हे एक संपूर्ण वाक्य आहे, आणि ते बोलणारी बाई नावातच उभी आहे. ध्वनिक्षेपकावरून गावोगाव फिरणाऱ्या गाडीतून ऐकले जाणारे नाव असेच असावे लागते.

परिस्थितीने सर्वच दोषांचे समर्थन होते, असे मात्र नाही. झाडीपट्टीच्या नाटकाचा कैवार घेणारे लेखन पुष्कळदा येथे फसते. एका यशस्वी नाटकाच्या साच्यातून पुढची अनेक नाटके काढणे, कथेशी संबंध नसलेल्या नृत्यांची भर घालणे, विनोदासाठी बाईच्या देहावर आणि अपंगाच्या चालण्यावर विसंबणे, हे दोष आहेत आणि प्रेक्षकांतील जाणकारही ते बोलून दाखवितात. त्याहून गंभीर बाब संहितांची आहे. हंगामामागून हंगाम नवी नाटके लिहिली जातात, हस्तलिखित वह्यांतून नटांच्या हाती फिरतात आणि नाटकाची मागणी संपली की वह्याही संपतात. ज्या नाटकाला पुस्तक नाही म्हणून इतिहासकाराने वगळले, त्याला पुस्तक मिळवून देण्याचा प्रयत्न कंपन्यांनी अभावानेच केला. गडचिरोलीत २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात या वह्यांचे संकलन होणे ही संशोधनाची पहिली गरज आहे. त्यानंतरच कोणाला या नाटकांच्या भाषेविषयी अधिकाराने बोलता येईल. तोवर, प्रस्तुत लेखासह, सर्व विवेचन मंडपातल्या अनुभवावरच आधारलेले राहणार.

आणखी एक मर्यादा नमूद केली पाहिजे. ‘झाडीपट्टी’ म्हणताना गडचिरोलीचा दक्षिण भाग नकळत गृहीत धरला जातो. भामरागड, एटापल्लीकडील माडिया-गोंड समाजाची रात्र रेला गीतांची आणि नृत्याची आहे. तेथे हातात हात गुंफलेल्या वर्तुळात नट आणि प्रेक्षक अशी फाळणीच नसते. मराठी नाटकाचा मंडप हा त्या समाजाच्या दृष्टीने बाहेरून आलेला प्रकार होय. वडशाने पुण्याविरुद्ध केलेली तक्रार भामरागडने वडशाविरुद्ध केली, तर ती फेटाळण्यास फारसा आधार नाही.

२०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव राज्याबाहेरच्या वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले. सन्मानाने एक गोष्ट साध्य झाली : ‘नाटकात काम करतो’ हे वाक्य पुरुषाच्या बाबतीत आता भूषणाचे ठरू शकते. तेच वाक्य स्त्रीच्या बाबतीत कसे ऐकले जाते, हा प्रश्न उरतो. स्त्रीभूमिका करणारे पुरुष मागे पडून स्त्री-कलावंत आल्या, त्यालाही बराच काळ लोटला. त्यांच्याशिवाय आज एकही तारीख पार पडत नाही. तरीही ‘ती नाटकात काम करते’ हे वाक्य सोयरिकीच्या बैठकीत उच्चारले गेले तर क्षणभर शांतता पसरते. त्या शांततेत ‘नाटक’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी हजर असतात. ज्या नाटकाच्या निमित्ताने इतरांच्या सोयरिकी जुळतात, त्याच नाटकामुळे तिची अडते. कारण कुणाच्या तरी मनात ‘नाटक करणारी’ म्हणजे ‘नाटकं करणारी’ असा वचनबदल होऊन गेलेला असतो. वास्तविक तिच्या कामात ढोंगाला वाव सर्वांत कमी. रात्रभर गायचे, पहाटे मेकअप उतरवायचा, गाडीत झोपायचे आणि संध्याकाळी पुढच्या गावी पुन्हा उभे राहायचे, हा क्रम होळीपर्यंत चालतो.

करोनाच्या साथीमुळे २०२० च्या हिवाळ्यात झाडीपट्टीची घडी पूर्ण विस्कटली. ज्या घरांत हंगामाच्या मिळकतीवर वर्ष निघते, तेथे ही स्थिती उपासमारीची होती. नट, वादक, पडदेवाले आणि मंडपाबाहेर चहा-भज्यांची दुकाने लावणारे यांना मिळेल त्या मजुरीकडे वळावे लागले. गावांतून तेव्हा ‘यंदा नाटक नाही’ असे म्हटले गेले. या वाक्याची घडण ‘यंदा पाऊस नाही’ सारखी आहे.